मिशनरी म्हणून माझे पहिले नऊ दिवस

मित्रहो, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तर चहा घेऊन बसा, नसेल तर सेव्ह करून ठेवा.

गेल्या आठवड्यात आपल्या नगरच्या एका ग्रुपवर मिशनऱ्यांवरून भांडण पेटलं. एकाने लिहिलं, "मिशनरी म्हणजे धान्याचं पोतं दाखवून धर्म बदलणारे." आमच्या चर्चमधल्या एका तरुणाने लगेच उत्तर दिलं, "तुम्ही अंधारात आहात, आम्ही उजेड आणतो." मग काय, दोनशे कमेंट. दोन्ही बाजूंनी मला टॅग केलं. धर्मांतरबंदी कायद्याची चर्चा सुरू असल्याने हल्ली असं होतच असतं. मी तेव्हा गप्प बसलो. कारण मी स्वतः वर्षभर मिशनरी होतो, आणि त्या वर्षाबद्दल दोन ओळींत बोलता येत नाही.

तर ही गोष्ट २०१४ च्या जानेवारीची. मी तेवीस वर्षांचा. चर्चच्या एका सेवा-योजनेत माझी निवड झाली होती. एक वर्ष अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात, ह्मोंग लोकांमध्ये.

ह्मोंग कोण, हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. लाओस, व्हिएतनाम, थायलंड आणि दक्षिण चीनच्या डोंगरांत राहणारे हे लोक. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएने लाओसमध्ये जनरल वांग पाव यांच्या हाताखाली ह्मोंगांची फौज उभी केली. अमेरिकेच्या लोकांपासून हे युद्ध लपवून ठेवलेलं, म्हणून त्याला 'गुप्त युद्ध' म्हणतात. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. मे १९७५ मध्ये सगळं कोसळलं. वांग पाव आणि काही माणसं विमानाने निघाली, बाकीचे मागे राहिले. जंगल तुडवत, मेकाँग नदी पोहून ते थायलंडच्या छावण्यांत पोचले आणि तिथून अमेरिकेत. आज अमेरिकेतल्या कुठल्याही एका शहराचा विचार केला तर सर्वांत जास्त ह्मोंग सेंट पॉलमध्ये आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्ण जिंकणारी सुनीसा ली आठवते? ती तिथलीच.

गंमत बघा. १८३१ मध्ये अमेरिकन मिशनरी आपल्या नगरला आले. आणि १८३ वर्षांनी नगरचा एक पोरगा मिशनरी होऊन अमेरिकेला निघाला. स्टेशनवर निरोप द्यायला आलेल्या आमच्या पाळकसाहेबांनी हेच बोलून दाखवलं. माझी छाती दोन इंच फुगली होती.

शनिवारी, ४ जानेवारीला, पोचलो. आईने विणलेला स्वेटर, माकडटोपी, आणि बॅगेत माझं पहिलं प्रवचन, वहीची बारा पानं. सोमवारी थंडी इतकी वाढली की राज्यपालांनी अख्ख्या राज्यातल्या शाळा बंद ठेवल्या. पारा उणे तीसच्या आसपास. नाकातला श्वास आतल्या आत गोठतो, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा खरं म्हणून अनुभवलं. नगरची हाडं गोठवणारी थंडी म्हणतो ना आपण? ती तिथे उन्हाळ्यात मोडेल.

माझी राहायची सोय चर्चमधल्या एका ह्मोंग डीकनच्या घरी, तळघरातल्या खोलीत. वय पंचेचाळीसच्या आसपास, कारखान्यात रात्रपाळी. मी त्यांना काका म्हणायचो, तेही गोड मानून घ्यायचे. पहिल्या रविवारी चर्च सुटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"माझे वडील आजारी आहेत. माझ्या मोठ्या भावाकडे असतात, दोन गल्ल्या पलीकडे. छातीचं दुखणं आहे, डॉक्टर म्हणतात काही महिने. त्यांनी अजून प्रभूला स्वीकारलेलं नाही. माझं ते ऐकत नाहीत. तू इंडियाहून आला आहेस, नवा माणूस आहेस, तुझं ऐकतील. जाण्याआधी त्यांचा बाप्तिस्मा झाला पाहिजे."

मला वाटलं, बस, याचसाठी देवाने मला इथवर आणलंय.

आता आजोबांशी बोलायचं म्हणजे चार शब्द तरी यायला हवेत. शाळा बंद, त्यामुळे काकांची दहा वर्षांची मुलगी घरीच होती. ती माझी मास्तरीण झाली. ह्मोंग भाषा सुरांची. एकच 'पॉ' हा शब्द घ्या. सूर बदलला की तो चेंडू होतो, काटा होतो, आजी होते, 'बघणं' होतो, 'फेकणं' होतो. लिहिताना शब्दाच्या शेवटी जे रोमन अक्षर येतं, बी, जे, एम, एस, जी वगैरे, ते उच्चारायचंच नसतं. ते फक्त सूर सांगतं. ही लिपी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्ये तयार झाली, आणि ती बनवणाऱ्यांत दोन अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी आणि एक फ्रेंच कॅथलिक फादर होते. ह्मोंगांमध्ये दंतकथा आहे की आपल्याकडेही पूर्वी पुस्तक होतं, पण पळापळीत नदी ओलांडताना ते हरवलं. ज्यांचं पुस्तक हरवलं त्यांना मिशनऱ्यांनी अक्षरं दिली. मला फार अभिमान वाटला. विल्यम कॅरेचं १८०५ चं मराठी व्याकरण आठवलं. म्हटलं, बघा, आम्ही जिथे जातो तिथे भाषेचं भलं करतो.

मंगळवारी आजी घरी आल्या, नातीला कोबी आणि कोंबडीचं सूप घेऊन. मी हात जोडून, सूर लावून, मोठ्याने म्हणालो, "पॉ!" नात सोफ्यावर लोळून हसायला लागली. मी त्यांना 'काटा' म्हटलं होतं. आजी मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "बरोबर आहे, सुनांना विचार." नातीने भाषांतर केलं आणि मीही लोळलो.

त्यांच्याकडे जेवण म्हणजे भातच. 'नॉ मॉ' म्हणजे भात खाणं, आणि तेच जेवणं. भेटल्यावर आपण "जेवलात का?" विचारतो तसं तेही विचारतात. सोबत कुटलेली हिरवी मिरची. ठेचाच म्हणा. त्या उणे तीसमध्ये तो ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही मिरचीचं नव्हतं.

बुधवारी आजोबांकडे गेलो. सोबत मोठ्या काकांचा मुलगा, कॉलेजात शिकणारा, दुभाषा म्हणून. माझ्या कोटाच्या खिशात ती बारा पानं.

भिंतीवर सोनेरी-चंदेरी कागदाचा त्यांचा देव्हारा, त्याला कोंबडीची पिसं चिकटवलेली. शेजारी कापडावर भरतकाम केलेलं एक चित्र. वर डोंगर, मध्ये घरं, आकाशात विमानं, खाली निळी नदी, नदीत माणसं, काखेत बांबू धरून तरंगणारी. काठावर बंदूकवाले. छावणीत बसून बायकांनी अशी कापडं भरली. आपल्याकडे आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी असते, तिच्यात घरादाराचा इतिहास असतो. इथे तो उघड उघड शिवलेला होता.

नाकात ऑक्सिजनची नळी, पण आवाज खणखणीत. आधी जेवायला लावलं. मग मी खिशात हात घालणार, तोच त्यांनी मला विचारलं, "पोरा, तुझी वार कुठे पुरली आहे?"

मला वाटलं दुभाषा चुकला. तो म्हणाला, "नाही, बरोबर ऐकलंस."

मित्रहो, मला उत्तर माहीत होतं. माझा जन्म आजोळी, नेवासा तालुक्यातल्या एका वाडीत, सुईणीच्या हातचा. वार आजीने घरामागे लिंबाखाली पुरली, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आपण म्हणतो ना, "माझी नाळ तिथे पुरलीय." मी तसं सांगितलं. आजोबा खूश झाले. म्हणाले, मग तुला समजेल.

मग त्यांनी समजावलं. ह्मोंग भाषेत वारेला 'जॅकेट' असाच शब्द आहे. माणसाचं पहिलं जॅकेट. मुलाची वार घराच्या मधल्या खांबापाशी पुरतात. माणूस मेला की त्याच्या जिवाला उलटा प्रवास करावा लागतो. जिथे जिथे राहिला ते प्रत्येक गाव, एकेक करत मागे, जन्मगावापर्यंत. तिथे ते जॅकेट घालायचं, मगच पूर्वजांकडे जाता येतं. ही वाट जिवाला आपोआप कळत नाही. जाणकार माणूस प्रेतापाशी बसून ती गाऊन सांगतो, आणि मग केंग नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य वाजत राहतं, ढोल वाजत राहतो, तीन-तीन दिवस.

आजोबांनी बोटांवर गावं मोजली. सेंट पॉल. मग बान विनाईची छावणी. मग मेकाँग. मग लाँग चेंग, जिथे वांग पावचा तळ होता. मग डोंगरावरची तीन गावं. मग जन्मगाव.

"माझा धाकटा मुलगा म्हणतो, हे सगळं सैतानाचं. त्याचं चर्च त्याला माझ्या मयताला बसू देणार नाही. ढोल वाजला की तो उठून जाईल. मला मरायची भीती नाही, पोरा. युद्धात मी रोज मेलो. पण दोन मुलगे आहेत आणि एकच खांदा मिळणार, हे बरं नाही. अर्धी वाट कोणी सांगितली आणि अर्धी नाही, तर मी इथल्या विमानतळावरच हरवेन. मला तर इथले रस्तेही वाचता येत नाहीत."

हे ते हसत म्हणाले. दुभाषा पोरगा हसला नाही.

बारा पानं खिशातच राहिली.

शुक्रवारी मी आजारी पडलो. ताप नाही, काही नाही. उठावंसं वाटेना, रडू येई. घरची आठवण, दुसरं काय. आजी आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "याचा जीव मागे राहिलाय, विमानात नाहीतर त्याच्या गावी." आणि पांढरा दोरा काढून माझ्या मनगटाला बांधायला लागल्या. जीव अंगाला बांधून ठेवायचा असतो म्हणे.

आता आमच्या घरात गंडेदोरे म्हणजे पाप. माझ्या आईने शेजारणीने दिलेला अंगारासुद्धा कधी घरात घेतला नाही. मी हात मागे घेऊ शकत होतो. पण त्या बाईचे हात थरथरत होते आणि तोंडाने ती माझं नाव घेत होती, चुकीच्या सुरात, बहुतेक माझ्या नावाचा तिथे काटा होत असेल. मी हात पुढे केला. संध्याकाळी उठून भात जेवलो. दोऱ्याने बरं वाटलं असं मी म्हणत नाही. कोणीतरी बांधला, याने वाटलं.

शनिवारी रात्री काकांनी विचारलं, "बोललास का बाप्तिस्म्याबद्दल?"

"नाही," म्हणालो. "मी त्यांचं ऐकलं. त्यांना तुम्ही मयताला हवे आहात. एवढंच हवंय."

काकांचा चेहरा बदलला. त्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अन्याय करीन. १९८० मध्ये ते दहा-बारा वर्षांचे असताना एका चर्चने त्यांच्या कुटुंबाची जबाबदारी घेतली. विमानतळावर थंडीचे कोट घेऊन उभे होते ते लोक. घर दिलं, शाळेत घातलं. "लोक म्हणतात, आम्ही कोटासाठी ख्रिस्ती झालो," काका म्हणाले. "माझी धाकटी बहीण छावणीत तापाने गेली. बळी दिले, विधी केले. त्यानंतर माझी आई रोज रात्री घाबरायची, कुठला आत्मा आता कुणाला नेणार म्हणून. मीही घाबरायचो. चर्चमध्ये मला पहिल्यांदा भीती न वाटता झोप लागली. हे कोटापेक्षा मोठं नाही का? आणि तू मला पुन्हा त्या ढोलापाशी जाऊन बस म्हणतोस?"

मला काय बोलावं कळेना. मग मी आमच्या घरची गोष्ट सांगितली, जी मी तोवर कोणाला सांगितली नव्हती.

आम्ही मूळचे महारवाड्यातले. १८९९-१९०० च्या दुष्काळात माझ्या खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या कामावर धान्य मिळायचं, हे खरं. आणि तिथल्या साहेबाने त्यांना आपल्याच चटईवर बसवलं, हेही तितकंच खरं. आमच्या घरात दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात. धाकटा भाऊ मात्र म्हणाला, "मी माझ्या देवाला सोडणार नाही." भाऊबंदकी तुटली. पुढे खापरपणजोबा वारले तेव्हा हा भाऊ बारा मैल चालत आला. पण आमच्या लोकांनी सांगितलं, ख्रिस्ती दफनभूमीत तुला येता येणार नाही. तो भिंतीबाहेर उभा राहिला. मातीची मूठ त्याने भिंतीवरून आत टाकली. ती कुठे पडली कोणालाच माहीत नाही. त्याच्या नातवांनी १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला. आज आमच्या दोन्ही शाखा नगरमध्ये राहतात, आणि अजून एकमेकांच्या मयताला जात नाहीत.

"काका, तुम्ही ढोल वाजवू नका. पण भिंतीबाहेर राहू नका," एवढंच मी म्हणालो.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू इथे सेवा करायला आलास की मला शिकवायला? आठ दिवस झाले तुला येऊन." आणि कामावर निघून गेले. त्यांचं बरोबर होतं. आठच दिवस झाले होते.

रविवारी चर्चमध्ये माझ्या मनगटावरचा दोरा सगळ्यांना दिसला. प्रार्थनेनंतर तिथल्या पाळकांनी मला खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, या दोऱ्यापासून सुटायला इथल्या लोकांना काय किंमत मोजावी लागली ते तुला माहीत नाही, तू तो हौसेने बांधून फिरतोस. हे वाक्य मला अजून टोचतं, कारण त्यात तथ्य आहे. मला दुसरीकडे, बाकीच्या स्वयंसेवकांबरोबर राहायला पाठवलं. माझे पहिले नऊ दिवस असे संपले. एकही प्रवचन नाही, एकही बाप्तिस्मा नाही, आणि घर गेलं.

पुढचं वर्ष मी मुलांचे अभ्यास घेतले, बर्फ उपसला, म्हाताऱ्यांना सरकारी पत्रं वाचून दाखवली. बुधवारी आजोबांकडे जायचो. धर्माचा विषय पुन्हा निघाला नाही.

एप्रिलमध्ये ते गेले. शुक्रवार ते सोमवार मयत चाललं. पहिल्या दिवशी मी दारात पोचलो तर काका बाहेर, पार्किंगमध्ये, थंडीत गाड्या लावून देत होते. आतून ढोल ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं, भिंतीबाहेरच राहिले. पण दुपारी ते आत आले. उदबत्ती हातात घेतली नाही, गुडघे टेकले नाहीत, बळीचं मटण खाल्लं नाही. भिंतीला टेकून खुर्ची घेतली आणि तिन्ही रात्री तिथेच बसून राहिले. जाणकार माणूस वाट गात होता, सेंट पॉल, बान विनाई, मेकाँग. मेकाँग आली तेव्हा काका रडत होते. सोमवारी दोन्ही भावांनी खांदा दिला. दफन झाल्यावर त्यांनी थोडं लांब जाऊन आपली प्रार्थना केली, आणि मोठा भाऊ ती संपेपर्यंत गाडी सुरू न करता थांबला.

हे माझ्यामुळे झालं असं मी अजिबात म्हणणार नाही. नंतर कळलं, आदल्या आठवड्यात मोठा भाऊ स्वतः त्यांच्या दारात गेला होता. मी फक्त नऊ दिवसांचा पाहुणा होतो.

आता आपल्या ग्रुपकडे येतो.

जे म्हणतात, "धान्यासाठी धर्म बदलला," त्यांना माझं सांगणं: धान्य होतं. पण चटईही होती. उपाशी माणसाला दोन्ही दिसतात, आणि त्याच्या मनात कशाने किती जागा घेतली हे कुठला कायदा, कुठला कलेक्टर मोजणार? त्याला गावाने चटई दिली असती तर, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

आणि माझ्या चर्चमधल्या पोरांना: आपण अक्षरं दिली, शाळा दिल्या, दवाखाने दिले, हे सगळं खरं. पण त्याच हाताने आपण भावाभावांत भिंतीही घातल्या. 'उजेड' हा शब्द वापरण्याआधी समोरच्याला विचारा, तुला कसली भीती वाटते, तुला काय हवंय. आणि मग बारा पानं खिशात ठेवून ऐका. मी नऊ दिवसांत शिकलो ते एवढंच, आणि तेही अर्धवट.

शेवटची गोष्ट. परवा आमच्या दुसऱ्या शाखेतले एक आजोबा वारले. मी अमरधामला गेलो. त्रिशरण चालू असताना मागे उभा राहिलो, मग माती घातली. त्यांच्या थोरल्या मुलाने माझ्याकडे बघितलं, ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर हात धरून म्हणाला, "जेवून जा."

कमेंटमध्ये भांडण नको. तुमच्या घरात असा कोणी भिंतीबाहेर उभा राहिलेला असेल, तर त्याच्याबद्दल लिहा. मी सगळं वाचेन.